पाप की गुन्हा? सदोम शहर, एक इंग्रज पाद्री आणि आपलं कलम ३७७

ॲलन ट्यूरिंगवरच्या भागानंतर दोन प्रकारचे मेसेज आले. पहिला प्रकार असा: शेवटी ख्रिश्चन देश तो, बायबलात लिहिलंय म्हणून त्याला शिक्षा झाली, आणि जाताना तोच कायदा आपल्या गळ्यात मारून गेले. दुसरा प्रकार ख्रिस्ती श्रोत्यांकडून आला. त्यांचं म्हणणं, आमच्या धर्माला सरसकट खलनायक करू नका. पण त्यातल्याच एकाने पुढे लिहिलं होतं की आमच्या चर्चमध्ये या विषयावर कुणी तोंडच उघडत नाही, मग आम्ही बचाव तरी कशाचा करायचा?

या दोघांनाही उत्तर द्यायचं तर एका माणसाची गोष्ट सांगावी लागते. नाव डेरिक शेर्विन बेली. चर्च ऑफ इंग्लंडचे पाद्री. आपल्याकडे हे नाव कुणाला माहीत असण्याचं कारण नाही. इंग्लंडमध्येसुद्धा आज फारसं कुणाला नसावं. पण २०१८ मध्ये आपल्या सर्वोच्च न्यायालयाने कलम ३७७ बद्दल जो निकाल दिला, त्याच्या मागे जात राहिलं की एका टप्प्यावर हे गृहस्थ भेटतात.

आधी कायदा कुठून आला ते बघू. इंग्लंडमध्ये १५३३ पर्यंत पुरुषा-पुरुषांतला संबंध हा चर्चच्या न्यायालयाचा विषय होता. पाप होतं, प्रायश्चित्त होतं. आठव्या हेन्रीचं पोपशी भांडण चालू होतं, चर्चचे अधिकार एकेक करून राजाकडे ओढून घेणं चालू होतं, आणि त्यात हाही विषय राजाच्या न्यायालयात आला. शिक्षा फाशी. वर मालमत्ता जप्त. म्हणजे बघा, पापाचा गुन्हा झाला तो कुणाला अचानक बायबल आठवलं म्हणून नाही, तर बराचसा सत्तेच्या वाटणीत झाला. मध्ये मेरी राणीने तो रद्द केला, एलिझाबेथने १५६३ मध्ये परत आणला, आणि मग तो तीनशे वर्षं राहिला. या कायद्याखाली शेवटची फाशी २७ नोव्हेंबर १८३५ ला झाली. जेम्स प्रॅट आणि जॉन स्मिथ, लंडनच्या न्यूगेट तुरुंगाबाहेर. त्याच्या थोडं आधी चार्ल्स डिकन्स नावाचा तरुण पत्रकार तुरुंग बघायला गेला होता आणि त्याने त्या दोघांना कोठडीत बघितलं होतं. त्यावर त्याने लिहिलंही आहे.

आता १८३५ हे साल लक्षात ठेवा, कारण त्याच वर्षी मेकॉले कलकत्त्यात बसून भारतासाठी दंडसंहिता लिहायच्या तयारीला लागला होता. त्याचा मसुदा १८३७ चा. इतर कलमांवर त्याने पानंच्या पानं टिपणं लिहिली आहेत, दृष्टांत दिले आहेत, वाद घातले आहेत. या कलमापाशी आल्यावर मात्र तो म्हणतो की याची जाहीर चर्चा होणंच समाजाला घातक, म्हणून मी काही लिहीत नाही. झालं! शेवटी दंडसंहिता १८६० मध्ये मंजूर झाली, १ जानेवारी १८६२ पासून लागू झाली, आणि त्यात कलम ३७७ आलं. 'निसर्गक्रमाविरुद्ध शारीरिक संबंध' ही त्याची भाषा. हा 'निसर्गाविरुद्ध' शब्द मेकॉलेचा नाही. तेराव्या शतकातल्या थॉमस ॲक्विनासने पापांची जी वर्गवारी केली, त्यात 'निसर्गाविरुद्धचं पाप' हा एक कप्पा आहे. तिथून तो इंग्रज कायदेपंडितांकडे आला. सतराव्या शतकातला एडवर्ड कोक तर लिहून गेला की ख्रिस्ती माणसांत याचं नावही घेऊ नये. नाव घ्यायचं नाही आणि फाशी मात्र द्यायची. मेकॉलेचं मौन हे त्याच परंपरेतलं.

तर पहिल्या प्रकारच्या मेसेजमध्ये तथ्य आहेच. धर्मशास्त्रातला शब्द थेट आपल्या दंडसंहितेत येऊन बसला.

आता १९५२. ट्यूरिंगला शिक्षा झाली त्याच वर्षाच्या आसपास चर्च ऑफ इंग्लंडच्या नैतिक कल्याण परिषदेने एक छोटा गट बसवला. पाद्री, डॉक्टर, वकील. विषय समलिंगी पुरुष आणि कायदा. या गटाचं बरंचसं लिखाण बेलींनी केलं. १९५४ च्या सुरुवातीला त्यांचा अहवाल छापला, तोही खासगी वितरणासाठी, दुकानात विकायला नाही. वातावरण कसं होतं बघा. लॉर्ड माँटेग्यू नावाच्या सरदाराचा खटला पेपरांत रोज गाजत होता. मार्च १९५४ मध्ये त्याला वर्षभराची आणि त्याच्या दोन मित्रांना दीड-दीड वर्षाची कैद झाली. या कायद्याखाली हजाराच्या आसपास पुरुष तुरुंगात होते. जूनमध्ये ट्यूरिंग गेला. अशा वेळी, अजून कुठल्या राजकीय पक्षाने हात लावलेला नसताना, कायदा बदला असं म्हणणारा दस्तऐवज चर्चच्या कार्यालयातून निघाला.

त्यातलं म्हणणं काय? मला ते वाचताना मजा वाटली, कारण ते अगदी हिशेबी आहे. समलिंगी संबंध पाप आहे, हे त्यांनी सोडलेलं नाही. पण ते विचारतात: व्यभिचारही पापच आहे ना? त्याने तर घरं मोडतात, मुलं उघड्यावर पडतात. त्याला तुरुंग नाही. दोन स्त्रियांमधल्या संबंधाला कायद्यात शिक्षा नाही. मग फक्त पुरुषांच्या या एकाच पापासाठी पोलीस का? आणि या कायद्याने साधतंय काय, तर ब्लॅकमेल आणि आत्महत्या. सरकारचं काम लहान मुलांचं रक्षण करणं, जबरदस्ती थांबवणं, सार्वजनिक सभ्यता राखणं. दोन प्रौढ माणसं बंद दाराआड स्वखुशीने काय करतात ते त्यांचं आणि देवाचं बघून घेतील.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगतो. हे आजच्या अर्थाने 'स्वीकार' नव्हतं. बेलींच्या लिखाणात दयेचा सूर आहे, 'बिचारे' म्हणणारा. आज तो वाचून एखाद्या समलिंगी माणसाला राग येईल आणि तो राग योग्यच असेल. पण तुरुंगाच्या दारात उभ्या असलेल्या माणसाला 'बिचारा' म्हणणारा आणि 'टाका आत' म्हणणारा, यात फरक असतो.

बेली तिथे थांबले नाहीत. १९५५ मध्ये त्यांनी एक पुस्तक काढलं, समलिंगी संबंध आणि पाश्चात्त्य ख्रिस्ती परंपरा यावरचं. प्रश्न साधा होता: आपण ज्या शास्त्रवचनांवर हे सगळं उभं केलंय, ती खरंच ते म्हणतात का?

सर्वांत मोठा खांब म्हणजे सदोमची गोष्ट. उत्पत्तीचा १९ वा अध्याय. दोन देवदूत पाहुणे म्हणून लोटाच्या घरी उतरतात, गावातले पुरुष घराला वेढा घालतात आणि म्हणतात, त्यांना बाहेर काढ, आम्हांला त्यांना 'जाणायचं' आहे. मग देव आग आणि गंधक ओतून शहर जाळतो. इंग्रजीत या गुन्ह्याचं नावच सदोमवरून पडलं. बेलींनी मूळ हिब्रू क्रियापद धरलं, 'यादा', म्हणजे जाणणं. आणि चक्क मोजलं! जुन्या करारात हा शब्द ९४३ वेळा येतो, आणि लैंगिक अर्थाने निःसंशय असा जेमतेम दहा वेळा, असा त्यांचा हिशेब. ही मोजणी १९५५ ची, कोशात बोट ठेवून केलेली. आपल्यासारखं कंट्रोल-एफ दाबून नाही. त्यांचं म्हणणं, गावकऱ्यांना परके कोण आहेत ते तपासायचं होतं आणि सदोमचं पाप म्हणजे पाहुण्यांशी केलेला दुर्व्यवहार.

ही मांडणी पूर्ण टिकत नाही, माझ्या मते. कारण त्याच गोष्टीत चार ओळींनंतर लोट गावकऱ्यांना म्हणतो की माझ्या दोन मुली आहेत, त्यांनी पुरुष 'जाणलेला' नाही, त्यांना घ्या. तिथे तोच शब्द आहे आणि अर्थ उघड आहे. बेलींच्या टीकाकारांनी हे लगेच दाखवून दिलं आणि आजचे बहुतेक अभ्यासक म्हणतात की गावकरी सामूहिक बलात्काराच्या इराद्याने आले होते. पण मग तो बलात्काराचा निषेध झाला, दोन माणसांच्या प्रेमाचा नाही. (लोटाने मुली पुढे केल्या त्याबद्दल परंपरा इतकी वर्षं एवढी गप्प कशी, हा माझा स्वतःचा प्रश्न.)

शब्दाच्या मोजणीत बेली कमी पडले असतील, पण दुसरा मुद्दा त्यांनी पक्का बसवला. बायबल स्वतः सदोमबद्दल नंतर काय म्हणतं ते बघा. यहेज्केल संदेष्टा १६ व्या अध्यायात सदोमचा दोष सांगतो: गर्व, भरपेट अन्न, निवांत सुख, आणि तरीही गरीब-गरजूंना हात न देणं. येशू मत्तयाच्या १० व्या अध्यायात सदोमचं नाव घेतो ते शिष्यांना घरात न घेणाऱ्या गावांबद्दल बोलताना. तिथेही आदरातिथ्यच. समलिंगी संबंध हाच सदोमचा मुख्य अर्थ, हे ठळक होतं ते पहिल्या शतकातल्या फिलो आणि जोसेफस या ज्यू लेखकांपासून. पुढे सहाव्या शतकात सम्राट जस्टिनियनने कायदाच काढला की असल्या कृत्यांमुळे दुष्काळ, भूकंप आणि रोगराई येते. म्हणजे एका माणसाच्या खोलीत काय चाललंय यावर अख्ख्या शहराचा भूकंप अवलंबून! एकदा हे मानलं की शेजाऱ्याच्या खोलीत डोकावणं हे कर्तव्यच होतं. बेलींना हाच धागा तोडायचा होता. चार शतकं टिकलेल्या कायद्याच्या बुडाशी ही भीती आहे, असं ते दाखवत होते.

उरलेली वचनं त्यांनी टाळली नाहीत. लेवीयच्या १८ व्या आणि २० व्या अध्यायात पुरुषाने पुरुषाशी निजू नये असं सरळ लिहिलंय, २० व्यात तर देहदंड आहे. पौलाच्या रोमकरांस आणि करिंथकरांस पत्रांतही निषेध आहे. बेली म्हणाले, हो, कृतीचा निषेध आहे. पण काही माणसं घडणीनेच अशी असतात, हे त्या लेखकांच्या समोर नव्हतंच. त्यांच्यासमोर होता तो धडधाकट स्वभावाचा माणूस जो वासनेपोटी भलतीकडे गेला. मग आज ज्याची घडणच तशी आहे त्याला ते वचन जसंच्या तसं लावायचं का? या प्रश्नावर ख्रिस्ती जग आजही दोन बाजूंना उभं आहे. एक बाजू म्हणते, लेवीयतलंच मिश्र धाग्याचं कापड न वापरण्याचं आणि शिंपल्यातले प्राणी न खाण्याचं बंधन आपण सोडलं, मग हेच का धरायचं? दुसरी म्हणते, कापडाचा नियम पौलाने परत सांगितला नाही, हा सांगितलाय. दोघांचीही बाजू ऐकल्यावर मला एवढं दिसतं की 'बायबलात लिहिलंय' हे वाक्य जिथे वाद संपवायला वापरतात, तिथेच तो खरं तर सुरू होतो.

ऑगस्ट १९५४ मध्ये सरकारने जॉन वुल्फेंडन यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली होती. ते रेडिंग विद्यापीठाचे कुलगुरू. विषय दोन: समलिंगी गुन्हे आणि वेश्याव्यवसाय. समितीत तीन स्त्रिया होत्या, म्हणून त्यांच्यासमोर शब्द उच्चारायला संकोच. तर वुल्फेंडननी रेडिंगच्या 'हंटली अँड पामर्स' या बिस्किट कंपनीवरून सांकेतिक नावं पाडली. समलिंगी म्हणजे हंटली, वेश्या म्हणजे पामर. देशाचा कायदा बदलणारी समिती बिस्किटांच्या नावाने बोलत होती! स्वतः समलिंगी आहोत असं सांगून साक्ष द्यायला फक्त तिघे पुढे आले. त्यातला एक पीटर वाइल्डब्लड, माँटेग्यू खटल्यात दीड वर्षाची शिक्षा झालेला पत्रकार. बाकी सगळी चर्चा 'त्यांच्याबद्दल', त्यांच्याशी नाही.

बेलींच्या गटाने आपलं म्हणणं समितीला दिलं. कॅथलिकांच्या बाजूने वेस्टमिन्स्टरच्या आर्चबिशपनी नेमलेल्या गटानेही प्रौढांच्या खासगी संबंधांवरची शिक्षा काढा, असंच कळवलं. ४ सप्टेंबर १९५७ ला वुल्फेंडन अहवाल आला. शिफारस तीच: प्रौढ, संमती, खासगी, मग गुन्हा नाही. पाप आणि गुन्हा यांची मुद्दाम सरमिसळ करायची नसेल तर खासगी नीतीचा एक कोपरा असा असला पाहिजे जिथे कायद्याचं काम नाही, हे त्यातलं मध्यवर्ती म्हणणं. समितीतले अँग्लिकन धर्मपंडित कॅनन डिमंट यांनी सही केली. विरोधात एक जण राहिला, स्कॉटलंडचे निवृत्त सरकारी वकील जेम्स अडेर.

चर्चच्या प्रतिनिधी सभेने त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये शिफारशीला पाठिंबा दिला, पण काठावरच्या बहुमताने. तेव्हाचे कँटरबरीचे आर्चबिशप फिशर यांचा पाप आणि गुन्हा वेगळे ठेवण्याला पाठिंबा होता. सरकार मात्र दहा वर्षं बसून राहिलं. १९६५ मध्ये लॉर्ड अरन यांनी हाऊस ऑफ लॉर्ड्समध्ये विधेयक आणलं तेव्हा नवे आर्चबिशप मायकल रॅम्झी उभे राहिले आणि म्हणाले, कृत्य चुकीचंच, पण तुरुंग नको. इंग्लंडच्या सर्वोच्च धर्मगुरूने असं बोलावं यावर काही सरदार भयंकर चिडले. २७ जुलै १९६७ ला कायदा झाला. तोही कंजूष: वय २१, खोलीत तिसरा माणूस नको, सैन्याला लागू नाही, स्कॉटलंड आणि उत्तर आयर्लंडला लागू नाही. आणि विधेयक मंजूर झाल्यावर अरनसाहेबांनी समलिंगींना सुनावलं की आता कृतज्ञता म्हणून गुपचूप, सभ्यपणे राहा.

उत्तर आयर्लंडमध्ये तर १९७७ मध्ये पाद्री आणि राजकारणी इयान पेस्ली यांनी 'अल्स्टरला सदोमीपासून वाचवा' अशी मोहीमच काढली. तिथला कायदा युरोपच्या मानवाधिकार न्यायालयाने १९८१ मध्ये निकाल दिल्यावर, १९८२ ला बदलला. म्हणजे एकाच राज्यात, एकच बायबल वाचणारे पाद्री दोन टोकांना.

आणि भारत? आमच्या धंद्याच्या भाषेत सांगायचं तर मूळ कोडमधली चूक १९६७ ला दुरुस्त झाली, पण त्याच्या फोर्कमध्ये ती तशीच चालू राहिली. २ जुलै २००९ ला दिल्ली उच्च न्यायालयाने प्रौढांच्या खासगी, संमतीच्या संबंधांपुरतं ३७७ काढलं. खंडपीठाचे मुख्य न्यायाधीश अजित प्रकाश शहा, मूळचे सोलापूरचे. त्या निकालात वुल्फेंडन अहवालाचा उल्लेख आहे. त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेलेल्यांची यादी बघण्यासारखी आहे: एक ज्योतिषी, मुस्लिम पर्सनल लॉ बोर्ड, आणि उत्कल ख्रिश्चन कौन्सिल, ॲपोस्टोलिक चर्चेस अलायन्स या ख्रिस्ती संस्था. एरवी एकमेकांच्या दारात न जाणारे इथे एका रांगेत. ११ डिसेंबर २०१३ ला सर्वोच्च न्यायालयाने ३७७ परत जिवंत केलं. तेरा दिवसांनी, २४ डिसेंबरला, लंडनमध्ये राणीने ट्यूरिंगला मरणोत्तर माफी दिली.

याच आठवड्यांत मुंबईचे आर्चबिशप कार्डिनल ओस्वाल्ड ग्रेशस यांनी सांगितलं की कॅथलिक चर्चने समलिंगींना कधी गुन्हेगार मानलेलं नाही आणि गुन्हा रद्द होण्याला आमचा विरोध नाही. विवाहाला विरोध कायम, हेही त्यांनी सांगितलं. 'कधी मानलेलं नाही' हे इतिहासाच्या अंगाने फारच उदार विधान आहे, हे आपण आत्ताच बघितलं. पण कोर्टात एक ख्रिस्ती संस्था ३७७ वाचवायला उभी आणि मुंबईचा कार्डिनल ते नको म्हणतोय, हे चित्र आपल्या माध्यमांत कुठे फारसं दिसलं नाही. माझ्या ख्रिस्ती श्रोत्याच्या चर्चमध्येही बहुधा पोहोचलं नसावं.

६ सप्टेंबर २०१८ ला नवतेज जोहर खटल्याचा निकाल लागला. निकालपत्रात १५३३ चा हेन्रीचा कायदा आहे, मेकॉले आहे, वुल्फेंडन आहे. बेलींचं नाव शोधत बसू नका. असल्या माणसांची नावं तळटिपांच्याही खाली जातात.

चर्चच्या आतला वाद मात्र कायद्यासारखा सुटला नाही. १९९८ मध्ये जगभरचे अँग्लिकन बिशप कँटरबरीला लॅम्बेथ परिषदेसाठी जमले. भारतातली चर्च ऑफ नॉर्थ इंडिया आणि चर्च ऑफ साऊथ इंडियाही या परिवारात आहेत. समलिंगी संबंध शास्त्राशी विसंगत, असा ठराव ५२६ विरुद्ध ७० मतांनी झाला. परिषदेबाहेर एका नायजेरियन बिशपने समलिंगी ख्रिस्ती चळवळीच्या रिचर्ड कर्कर यांच्या डोक्यावर हात ठेवून भूत उतरवायचा प्रयत्न केला, कॅमेऱ्यांसमोर. ज्या देशांत इंग्रजांनी बायबल आणि दंडसंहिता एकाच शतकात नेली, त्यातल्याच कितीतरी देशांचे बिशप आता इंग्रजांना शास्त्र शिकवत होते. त्यांना सरळ मागासलेले म्हणून मोकळं होणं सोपं आहे; पण एकदा तुम्हीच सांगितलंत की हे पुस्तक अक्षरशः धरा, आणि मग तुम्हीच म्हणालात की आता नको, तर समोरचा भडकणारच.

जानेवारी २०२३ मध्ये चर्च ऑफ इंग्लंडच्या बिशपांनी एलजीबीटी लोकांची जाहीर माफी मागितली, आणि डिसेंबरपासून नेहमीच्या उपासनेत समलिंगी जोडप्यांसाठी आशीर्वादाच्या प्रार्थना सुरू झाल्या. चर्चमध्ये लग्न अजूनही नाही. त्याच डिसेंबरच्या १८ तारखेला व्हॅटिकननेही अशा जोडप्यांना साधा, विधीबाहेरचा आशीर्वाद द्यायला परवानगी दिली, आणि लगेच आफ्रिकेतल्या बऱ्याच बिशपांनी आम्ही देणार नाही म्हणून कळवलं.

ज्या श्रोत्याने विचारलं होतं की बचाव कशाचा करायचा, त्याच्यासाठी: पुढच्या रविवारी कुणी सदोमचं नाव काढलं, तर यहेज्केल १६:४९ उघडून मोठ्याने वाचायला सांग. बाकी चर्चा तिथून करा. भेटू पुढच्या भागात.